सायलीचा नकाशा

सिल्वासा
९ सप्टेंबर १९९०

प्रिय रमाकांतदादा,

तुझं कार्ड मिळालं. मोजून चार ओळी. मावशीची तब्येत बरी, मुंबईत पाऊस, ऑफिसात काम फार, बाकी ठीक. एवढं तर तू न लिहिताही मला कळतं. म्हणून आज मुद्दाम लांबलचक लिहून तुझ्यावर सूड उगवणार आहे.

आमच्या सातवीच्या वर्गात कुवेत शिरलंय. इराकचं सैन्य तिकडे घुसलं तेव्हा मी जगाचा नकाशा लावून आखात दाखवलं, तर पोरांच्या चेहऱ्यावरची माशी हलेना. मग ललित नावाचा एक आगाऊ मुलगा उठून म्हणाला, "बाई, मारामारी तिकडं हाये, तर माझ्या पप्पांची दुसरी पाळी का बंद झाली?" मी म्हटलं, बैस, हाच आपला धडा. त्याचे वडील प्लास्टिकच्या बादल्यांच्या कारखान्यात आहेत. बादल्यांसाठी लागणारा प्लास्टिकचा दाणा खनिज तेलापासून होतो हे त्या बापलेकांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आता सबंध वर्ग कामाला लावलाय. प्रत्येकाने घरी विचारून यायचं: वडिलांच्या कारखान्यात कच्चा माल कुठून येतो, मशिनं कशावर चालतात, आणि उद्या गाड्या थांबल्या तर आहे तो माल किती दिवस पुरेल. खाकी कागदाचे सहा ताव चिकटवून भिंतीवर नकाशा केलाय. तेलाला लाल दोरा, दाण्याला निळा, तांब्याला पिवळा. दोरे आफ्रिकेतून, आखातातून निघतात आणि सगळे येऊन आमच्या सायलीच्या कारखान्यांत पडतात. डोकमर्डीच्या चाळीतली पोरं होर्मुझ, होर्मुझ करत फिरतायत. हेडमास्तर म्हणाले, हा काय प्रकार आहे. मी म्हटलं, भूगोल.

गुहागरला सुट्टीत तू मला पाटीवर बोटींचे मार्ग काढून दाखवायचास. इथल्या नोकरीचा अर्जही तूच आणून भरून घेतलास. त्यामुळे या नकाशाचं श्रेय वाटलं तर थोडं घे. आई आशीर्वाद सांगते.

तुझी,
विजू


मुंबई
१७ सप्टेंबर १९९०

चि. विजू,

सूड पोचला. ऑफिसात बसूनच वाचला आणि शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ माझ्या हसण्याने दचकले.

तुला ठाऊक आहे का, की तू जे पोरांकडून करून घेतेस तेच करायला आमचं अभ्यास केंद्र गेली तीन वर्षं धडपडतंय? देशाची ताकद फक्त रणगाड्यांत नसते. बंदरावर, टाकीत, गोदामात किती दिवसांचा साठा आहे त्यात असते. होर्मुझची सामुद्रधुनी अरुंद जागी जेमतेम चाळीस किलोमीटर. तिथे कुणी पाय आडवा घातला तर तुझ्या ललितच्या वडिलांची पाळी बंद होते, हे पोरांना कळलंय, पण दिल्लीत किती जणांना कळतं मला शंका आहे. आम्ही पश्चिम किनाऱ्याचा नकाशा करतोय: इंधन आणि कच्चा माल कुठून येतो, कुठे अडू शकतो, अडला तर कोण किती दिवस तग धरेल. बंदरांचे आकडे आहेत, रिफायनऱ्यांचे आहेत. खाली कारखान्यापर्यंत उतरलं की सगळा अंधार. मालक आम्हाला विचारून खरं थोडंच सांगणार!

तुझ्या नकाशाची प्रत पाठव. ट्रेसिंग पेपरवर, दिवसांच्या आकड्यांसकट. मला बघायचंय माझी शिष्या कुठवर पोचली. चौदा वर्षं दुसऱ्यांचे नकाशे गिरवतोय, या वेळी पहिल्यांदा अहवालावर माझं नाव असेल. तेव्हा भावाला एवढी मदत कर.

मावशीला नमस्कार सांग.

रमाकांत


सिल्वासा
८ ऑक्टोबर १९९०

प्रिय दादा,

सोबत ट्रेसिंग. तीन रविवार गेले त्यात. डोळे दुखले तर चष्म्याचं बिल तुझ्या केंद्राला.

प्रत्येक कारखान्यापुढे दिवसांचा आकडा आहे आणि खाली मुलाचं नाव, वडिलांचं पूर्ण नाव, काम. तसं मीच करायला लावलं. कुणी सांगितलं ते लिहिल्याशिवाय माहिती धरायची नाही, हा माझा वर्गातला कायदा आहे. दुसरा कायदा: खरं तेवढंच लिहायचं. माहीत नसेल तर जागा कोरी सोडायची, तिला पूर्ण गुण. अंदाजाला शून्य.

तुला एक गंमत सांगते. गुड्डी अहिरे म्हणून माझी एक मुलगी आहे, वर्गातली सगळ्यात हुशार. तिचे वडील भिका, साक्रीकडचे, सायलीत खतासाठी प्लास्टिकची पोती बनवणाऱ्या कारखान्यात गोडाऊन सांभाळतात. गुड्डीने लिहून आणलं: "दाणा अकरा दिवस. मागच्या रांगांत भाताचं तूस आहे." मला काही कळेना. परवा भिका तिला न्यायला आला तेव्हा विचारलं. आधी लाजला, मग सांगितलं. दाण्याचा व्यापारी मुंबईहून येतो तो आधी गोडाऊन बघतो आणि मग भाव बोलतो. गोडाऊन भरलेलं दिसलं तर सरळ बोलतो, रिकामं दिसलं तर गळा धरतो. म्हणून शेठ पुढच्या तीन रांगा दाण्याच्या ठेवतो, आणि मागे छतापर्यंत भाताचं तूस भरलेली पोती. ती थप्पी भिका स्वतः लावतो. शेठ, शेठचा पुतण्या आणि भिका सोडून हे कुणाला ठाऊक नाही. बाहेर विचारलं की सांगायचं, पंचेचाळीस दिवस.

मी म्हटलं, मग वहीत अकरा का सांगितलंत? तर म्हणतो, "बाई, बेपाऱ्याले खोटं सांगणं ते माझं कामच हाये. पन पोरीच्या वहीत खोटं कसं लिव्हाचं? तुमी खरं लिव्हाले सांगितलं ना."

मला इतकं भरून आलं की काय सांगू. वर्गातल्या भिंतीवर मी तुसाची ओळ लावलेली नाही, आकडाही नाही. फक्त तुला कळवते आहे. तुझ्या टेबलाबाहेर जाऊ देऊ नकोस.

विजू


मुंबई
२ नोव्हेंबर १९९०

चि. विजू,

ट्रेसिंग बघून थक्क झालो. तुसाची गोष्ट वाचून तर दोनदा हसलो. आमच्या संचालकांनी परदेशातून पुस्तकं मागवली, आणि खरी गोम सायलीतल्या एका हमालाला ठाऊक! टेबलाबाहेर जायची चिंता करू नकोस. माझ्या टेबलाला खण आहे आणि खणाला कुलूप आहे.

एकच अडचण आहे. आकडे सप्टेंबरचे आहेत. नकाशा शिळा झाला की खोटा होतो, हे मी तुला पाटीवरच शिकवलं होतं. निदान पोत्यांच्या कारखान्याचा ताजा आकडा मिळाला तर मला आधीच्याशी ताडून बघता येईल. त्या चुणचुणीत मुलीला सहज विचार. वेगळं काही सांगायची गरज नाही.

मावशीसाठी गुडघ्याचं तेल पाठवतोय.

रमाकांत


सिल्वासा
२८ नोव्हेंबर १९९०

प्रिय दादा,

तेल मिळालं. आई खूश आहे, म्हणते बहिणीचा मुलगा असावा तर असा.

गुड्डीला विचारलं. दुसऱ्या दिवशी वडिलांना विचारून आली: सात दिवस. खताच्या कंपनीची मोठी ऑर्डर आहे, डिसेंबरअखेर पोती पोचायला हवीत, आणि दाणा मिळत नाहीये. भिका आता पुढच्याही एका रांगेत तूस भरतोय. तिला वाटलं नकाशावरच्या कोऱ्या जागी आता आकडा लिहायचा आहे, म्हणून खडू घेऊन उभी राहिली. मी म्हटलं, राहू दे, मी लिहिते.

अहवाल छापून आला की एक प्रत वर्गासाठी पाठव. पोरांना दाखवेन.

विजू


सिल्वासा
५ जानेवारी १९९१

रमाकांतदादा,

दोन पत्रं टाकली, तुझं उत्तर नाही. आता हे तिसरं, आणि याचं उत्तर मला हवंच आहे.

डिसेंबरच्या अठरा तारखेला दाण्याचा व्यापारी सायलीत पोत्यांच्या कारखान्यात आला. दरवेळी येतो तोच. चहा घेतला नाही. गोडाऊनमध्ये शिरला, पुढच्या रांगांकडे मान वळवूनही बघितलं नाही. भिकाकडून पोती ओढायचा लोखंडी आकडा मागून घेतला, सरळ मागे गेला आणि चौथ्या रांगेतलं एक पोतं फाडलं. तूस त्याच्या बुटांवर सांडलं. त्याने बूट झटकले आणि शेठला म्हणाला, आता माझा भाव ऐका. तो भाव शेठला झेपणारा नव्हता. आठव्या दिवशी मशिनं थांबली, ऑर्डर गेली. साठ माणसं घरी बसली आहेत. त्यातल्या नऊ जणांची मुलं माझ्या वर्गात आहेत.

भिकाला शेठने त्याच संध्याकाळी काढलं. तो व्यापाऱ्याला फुटला, असं सगळे म्हणतायत. कारखान्याची खोली मार्चअखेर खाली करायची आहे. पण खोलीपेक्षा वाईट ते दुसरंच. डोकमर्डीत त्याच्याशी कुणी बोलत नाही. घरी बसलेले साठ जण त्यालाच शिव्या घालतायत, नळावर त्याच्या बायकोची, भिमाबाईची, घागर बाजूला सारतात. ती माझ्याकडे आली होती. आत ये म्हटलं तर आली नाही. उंबऱ्याबाहेरून म्हणाली, "बाई, तुमी शिकेल हाये. तुमीच सांगा, त्यायनी कोनाले काय सांगितलं? त्यो तर आजारी पडला तरी गोडाऊनची चावी उशाले घेतो."

मला माहीत होतं त्याने कुणाला सांगितलं. मला. आणि मी तुला.

तुझ्या खणाला कुलूप आहे म्हणालास. हे तुझ्याकडून गेलं का? हो किंवा नाही, एवढंच लिही.

विजया


मुंबई
२२ जानेवारी १९९१

चि. विजू,

तुझी पत्रं मिळाली होती. इथे काय चाललंय याची तुला कल्पना नाही. सतरा तारखेपासून आखातात बॉम्ब पडतायत, आमच्याकडे रोज दिल्लीहून फोन. तेलाच्या किती बोटी निघाल्या, किती अडकल्या, देशात किती दिवसांचं रॉकेल आहे. अशा वेळी एका कारखान्याची गोष्ट घेऊन बसायला खरंच वेळ नव्हता.

हो किंवा नाही असं सरळ उत्तर असतं तर दिलं असतं. अहवाल लिहिला की तो एका माणसाचा राहत नाही. प्रती निघतात, आठ ठिकाणी जातात. कोण कुठे काय वाचतो यावर माझा ताबा नाही. शिवाय व्यापारी काही दूधखुळा नसतो. भाव चढलेले, माल नाही, अशात इतकं भरलेलं गोडाऊन बघून कुणालाही संशय येईल. तुझ्या शेठने तूस भरून लोकांना फसवलं ते विसरू नकोस. मी कुणाला फसवलेलं नाही.

जरा मोठं चित्र बघ. उद्या या नकाशामुळे सरकारने सिल्वाशाजवळ दाण्याचा राखीव साठा ठेवला तर हजारो भिकांच्या नोकऱ्या वाचतील. त्यासाठी कुणाला तरी थोडी झळ लागतेच. तू भूगोल शिकवतेस, तुला हे समजायला हवं.

त्या माणसासाठी वाईट वाटतं. वापीला ओळखीचं कुणी आहे का बघतो.

रमाकांत


सिल्वासा
३ फेब्रुवारी १९९१

रमाकांतदादा,

तू नाही असं लिहिलं नाहीस. मला तेवढं पुरलं.

तुझं मोठं चित्र मी बघितलं. त्यात भिका कुठेच नाही. थोडी झळ म्हणतोस! महिनाभर गुड्डी शेवटच्या बाकावर एकटी बसते, कारण पोरांना घरून सांगितलंय तिच्याशी बोलायचं नाही. ललितने तिच्या दप्तरात मूठभर तूस भरलं. मी त्याला मारलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा मुलावर हात उगारला, आणि उगारल्यावर कळलं की मार खरा कुणाला बसायला हवा होता.

काल मी शेठकडे गेले. सगळं सांगितलं. नकाशा, वही, ट्रेसिंग, तू. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, मला चहा दिला आणि म्हणाला, "बेन, तुमचा दिल मोठा आहे. गरीब माणसाला वाचवायला आल्या. पण आ धंधा छे. पोरांच्या नकाशावरून मुंबईचा व्यापारी चालतो, हे कोण मानणार?" मी शपथ घेतली. तो म्हणाला, व्यापाऱ्याने स्वतः मला नाव सांगितलंय. भिका चिंधा अहिरे. बापाच्या नावासकट.

दादा, सायलीत भिकाला सगळे भिका म्हणतात. चिंधा हे नाव हजेरीच्या मस्टरवर आहे, आणि गुड्डीच्या वहीतून मी उतरवलं त्या ट्रेसिंगवर. ते व्यापाऱ्याच्या तोंडी कसं आलं?

शेठ वाईट माणूस नाही. म्हणाला, ज्याने सांगितलं त्याने स्वतःच्या सहीने लिहून द्यावं. भिकाला दुसऱ्या दिवशी कामावर घेतो आणि गेटवर सगळ्यांसमोर त्याचं नाव धुऊन काढतो. एक पत्र हवंय. माहिती मी माझ्या मावसबहिणीकडून घेतली, भिकाने एक शब्द विकला नाही, एवढं लिही. तुझ्या केंद्राचं नाव नको घालूस. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलेलं नाही. हे मागते.

विजया


मुंबई
१६ फेब्रुवारी १९९१

चि. विजू,

हे पत्र वाचलंस की फाडून टाक.

मी काय केलं ते तुला सांगतो, कारण तू उगाच भलतंसलतं मनात आणशील. आमच्या केंद्राला सरकारकडून फार थोडं मिळतं. बाकीचं अनुदान दाण्याच्या, रसायनांच्या व्यापाऱ्यांच्या मंडळाकडून येतं. अहवालाची परिशिष्टं आधी त्यांना दाखवायची, असा रिवाज आहे. मला तो ठाऊक होता. ऑक्टोबरमध्ये तुझं ट्रेसिंग आलं तेव्हाही ठाऊक होता.

नोव्हेंबरात त्यांचा एक माणूस आला. सायलीच्या आकड्यावर बोट ठेवून विचारलं, हे कुणी दिलं? आता मी काय सांगायला हवं होतं? सातवीच्या पोरांनी काढलेला नकाशा? माझी चौदा वर्षं हसण्यावारी गेली असती. आणि तुझं नाव दिलं असतं तर? तू सरकारी शिक्षिका. कारखान्यांची आतली माहिती मुलांकरवी काढली म्हणून तुझी चौकशी लागली असती, मावशीला घेऊन तू रस्त्यावर आली असतीस. म्हणून मी माहितीच्या उगमाच्या रकान्यात लिहिलं: गोडाऊनमधला कर्मचारी, आणि नाव. ट्रेसिंगवर होतंच. डिसेंबरात ताजा आकडाही त्याच्याच नावाने दिला. मी तुला वाचवलं, विजू. हे तुला कधी सांगणार नव्हतो.

शेठला पत्र लिहिणं शक्य नाही. एप्रिलपासून मला दिल्लीच्या शाखेचा प्रमुख करतायत. असा कागद माझ्या सहीने बाहेर असला तर सगळं संपलं. त्या माणसाला दुसरीकडे काम मिळेल, अशी माणसं कुठेही हमाली करू शकतात. माझं तसं नाही.

रागावू नकोस. महिन्या-दोन महिन्यांत सगळे विसरतील.

तुझा,
दादा


सिल्वासा
१२ मार्च १९९१

रमाकांत,

पत्र फाडलं नाही. शेठला हवा होता तसा कागद तू पाठवलास, सहीसकट. लिहिणार नाही म्हणालास आणि त्याच पत्रात सगळं लिहून बसलास. तुझी बहीण तू सांगशील ते ऐकते, याची तुला इतकी खात्री होती.

मी ते शेठच्या टेबलावर ठेवलं. त्याच्या पुतण्याला मराठी वाचता येतं, त्याने मोठ्याने वाचलं. "अशी माणसं कुठेही हमाली करू शकतात" या ओळीवर पुतण्या थांबला. शेठ म्हणाला, पुढे वाच. सगळं झाल्यावर शेठने टोपी काढून टेबलावर ठेवली. मशिनं चालू झाली आहेत, बडोद्याहून थोडा दाणा आलाय. पाळी बदलताना त्याने गेटवर सगळ्यांना थांबवलं आणि पत्र परत वाचायला लावलं. साठ माणसं ऐकत होती. माझं नाव आलं तेव्हा मी तिथेच उभी होते. पळून जावंसं वाटत होतं, पण उभी राहिले.

हेडमास्तरांकडे मी स्वतः जाऊन सांगितलं. चौकशी होईल. त्यातून तू मला वाचवलंस म्हणालास, तर आता ती होऊ दे.

मग भिकाकडे गेले. गेटवर तो नव्हता, अजून त्याला आत सोडलेलं नव्हतं. त्याला वाचता येत नाही, म्हणून तुझी सगळी पत्रं आणि माझी मला आठवतात तशी, मी पहिल्यापासून त्याला सांगितली. भिमाबाई दारात बसून ऐकत होती. गुड्डीला त्यांनी बाहेर पाठवलं होतं. मला वाटलं होतं तो शिव्या देईल. देऊ दे म्हणून मी मनाची तयारी करून गेले होते. त्याने फक्त एक गोष्ट विचारली. "दुसऱ्या बारीले पोरीनं इचारलं, सात दिवसवालं, ते बी मुंबईसाठी का?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मले वाटलं शाळेचं."

थोड्या वेळाने म्हणाला, "बाई, तुमी मले इचारलं असतं, की भिका, हे मी भावाले लिहू का, तर मी हो म्हनलो असतो का नाही, ते मी ठरवलं असतं. तुमी इचारलंच नाही." आवाज चढवला नाही. पाणी दिलं मला.

दादा, त्या दिवसापर्यंत मी तुझ्यावर संतापलेली होते. फसवली गेलेली मी, असं मनात घोकत होते. भिकासमोर बसल्यावर कळलं की त्याच्या दृष्टीने मुंबईचा तू आणि सिल्वाशाची मी यांत काहीच फरक नाही. तू माझ्या मायेचा फायदा घेतलास, मी त्या पोरीच्या. तू खोटं बोललास, मी तर खोटंही बोलले नाही, तिला खडू घेऊन उभं राहू दिलं आणि म्हटलं राहू दे, मी लिहिते. याची मला इतकी लाज वाटते की वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी राहिले की परत वळवत नाही.

सोमवारी शेठने त्याला बोलावलं. जुनीच जागा, गोडाऊनची चावी, खोलीही राहिली. त्याच दिवशी तो शाळेत आला. नवा सदरा घातला होता. मला वाटलं सांगायला आला. सांगायलाच आला होता.

"नौकरी घेतली, बाई. घर चालवाचं हाये. तुमी शेठकडं गेल्या, गेटवर उभ्या राहिल्या, ते मी इसरनार नाही." मग टोपी हातात घेऊन म्हणाला, "पन पोरगी तुमच्या वर्गात नको. तिले दुसऱ्या तुकडीत टाका."

मी कारण विचारलं नाही. अर्ज मीच लिहून दिला, त्याने अंगठा उठवला. गुड्डी आता श्रीकांत सरांच्या तुकडीत बसते. माझ्या दारावरून रोज जाते. मान खाली घालून जाते, नमस्कार करत नाही. ती हुशार मुलगी आहे, तिला सगळं कळलंय.

भिका चुकला नाही. आपल्याला लुबाडणाऱ्याशी कसं वागावं ते त्याला मुळातच ठाऊक आहे. मला ते त्याच्याकडून शिकावं लागलं. मावशी माझी मावशी आहे, ती इथे येईल, आई तिथे येईल, कुणाचं आजारपण असलं तर मी रात्रभर जागेन. दिल्लीला जा, मोठा हो. पण तू माझ्या घरात नको.

विजया